घरातील फौजीच्या युद्धस्मृती कशा नोंदवाव्यात : तयारीपासून जतनापर्यंत

२६ जानेवारीला सोसायटीतील झेंडावंदन आटोपले की घरातला कोणीतरी उत्साही नातू फोन समोर धरतो आणि म्हणतो, "आजोबा, लढाईत काय झालं ते सांगा ना." आजोबा दोन ठरावीक वाक्ये बोलून थांबतात, आणि "त्यांना बोलायचंच नाही" असे घरचे समजून घेतात. काही घरांत याच्या उलट घडते. माणूस तासभर बोलतो, सगळे भारावून ऐकतात, आणि पुढचे कित्येक दिवस त्याला झोप लागत नाही, मात्र त्या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही. दोन्ही ठिकाणी क्रम चुकलेला असतो. ज्या प्रश्नापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचायचे, किंवा कदाचित पोहोचायचेच नाही, तो पहिल्याच वाक्यात विचारलेला असतो.

ठाणे आणि नवी मुंबईत सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगडकडून आलेली अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, ज्यांतील एखाद्याने सैन्यातून निवृत्त झाल्यावर बँकेत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी केली. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, १९६५ चा ऐंशीच्या पुढे. त्यामुळे काम लवकर सुरू करायला हवे. मात्र लवकर सुरू करणे वेगळे आणि घाईने करणे वेगळे.

टप्पा १ : आधी परवानगी, मग यंत्र

"रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" या एका प्रश्नाला मिळालेला होकार पुरेसा नसतो. परवानगी तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी घ्यावी लागते : बोलणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी, ते घरातील इतरांना ऐकवण्यासाठी, आणि घराबाहेर कोणालाही देण्यासाठी. या तिन्हींची उत्तरे निरनिराळी असू शकतात, आणि ती काम चालू असताना बदलूही शकतात. पानभर साध्या मराठीत हे लिहून घ्यावे आणि त्यात "सांगितलेला कोणताही भाग नंतर काढून टाकण्यास सांगण्याचा मला अधिकार आहे" हे वाक्य अवश्य ठेवावे. बोलणारा माणूस या वाक्यामुळे निर्धास्त होतो, असा माझा अनुभव आहे. ते वापरण्याची वेळ क्वचितच येते.

परवानगी मागताना मुले, सुना, पाहुणे असा दरबार भरवू नये. चारचौघांत विचारले की नाही म्हणणे अवघड होते, आणि मग तो होकार खरा राहत नाही.

*सावधान :* व्यक्ती अजून सेवेत असेल किंवा अलीकडेच निवृत्त झाली असेल, तर सध्याच्या नेमणुका, ठाणी, शस्त्रसामग्री आणि कार्यपद्धती यांविषयी काहीही विचारू नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे, आणि घरगुती गप्पा म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

टप्पा २ : ट्रंक उघडावी, पण साफसफाई करू नये

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नौपाड्यात, कोपरीत, वाशीच्या जुन्या सेक्टरांत पुनर्विकासासाठी घरे रिकामी होतात, तेव्हा माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक सर्वांत आधी खाली येते आणि "जुने कागद" म्हणून रद्दीवाल्याकडे जाते. घर बदलण्याचा प्रसंग जवळ असेल तर बाकीचे टप्पे थांबवून आधी ही ट्रंक ताब्यात घ्यावी.

ट्रंकेत सहसा काय असते आणि त्यातून काय कळते, हे सांगतो.

डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणारी नोंदपुस्तिका, हा पाया. त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, तुकडी, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख मिळते. ते सापडले नाही तर पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, शोधावी. दोन्ही हरवले असतील तर ठाण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी आणि त्या-त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसकडे, लेखी अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे (सैन्याच्या अभियंता दलाचा एक गट) खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला असतात. नौसैनिकांच्या नोंदी तर खाडीपलीकडे मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्समध्ये आहेत. अर्जात सैनिक क्रमांक आणि आपले नाते स्पष्ट लिहावे. क्रमांकाशिवाय केवळ नावावरून शोध घेणे फार कठीण असते, कारण एकाच आडनावाची आणि एकाच नावाची माणसे प्रत्येक पलटणीत भरपूर.

पदकांकडे नीट पाहावे. पदकाच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. १९७१ साठी पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार वेगवेगळे होते, त्यामुळे माणूस कोणत्या आघाडीवर होता हे ताऱ्याच्या नावावरूनच समजते. १९६५ चा समर सेवा स्टारही असाच प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्राशी जोडलेला आहे. याउलट संग्राम मेडल आणि १९६५ चे रक्षा मेडल त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट दिले गेले. ते शौर्यपदक आहे असे समजून कुटुंबे स्मरणिकेत "शौर्यपदक विजेते" असे छापून टाकतात, आणि फौजी मंडळींमध्ये त्या बिचाऱ्या माणसाची पंचाईत होते.

पदके ब्रासोने घासून चमकवू नयेत. कडेवरची अक्षरे झिजतात. कागदांना लॅमिनेशन करू नये आणि फोटोंवर सेलोटेप लावू नये. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ट्रंकेतील कागदांना बुरशी धरते, म्हणून ते सावलीत, वाऱ्यावर सुकवून साध्या कागदी पाकिटांत ठेवावेत, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नाही. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत आणि मागची बाजूही स्कॅन करावी, कारण तारीख, गाव आणि सोबत्यांची नावे तिथेच असतात.

पत्रांबाबत एक गैरसमज हमखास आढळतो. "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हे एखाद्या गावाचे नाव नव्हे. जवान कुठे आहे हे उघड होऊ नये म्हणून वापरला जाणारा तो टपालाचा समाईक पत्ता आहे. आंतर्देशीय पत्रावरच्या शिक्क्यात मात्र एफपीओचा, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा, क्रमांक असतो. एकाच क्रमांकाची पत्रे तारखेप्रमाणे लावली, तर क्रमांक कधी बदलला म्हणजे मुक्काम कधी हलला याचा चांगला अंदाज येतो.

*सावधान :* सेवामुक्तीच्या कागदांत वैद्यकीय कारण लिहिलेले असू शकते, आणि ते कधी मानसिक आजाराचेही असते. असे पान दिसल्यास ते मोठ्याने वाचू नये, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये आणि संबंधित माणसाने स्वतः विषय काढल्याखेरीज त्यावर प्रश्न विचारू नये.

टप्पा ३ : काळपट्टी आणि नकाशा

एका मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढून डाव्या टोकाला भरती आणि उजव्या टोकाला निवृत्ती लिहावी. मधल्या भागात ठाम तारखा पेन्सिलने घालाव्यात : २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ चे चीन युद्ध, २३ सप्टेंबर १९६५ चा युद्धविराम, १० जानेवारी १९६६ चा ताश्कंद करार, ३ ते १६ डिसेंबर १९७१ चे पाकिस्तानशी युद्ध, १९८७ ते १९९० मधील श्रीलंकेतील शांतिसेना, मे ते जुलै १९९९ चे कारगिल. रेघेखाली घरच्या घटना लिहाव्यात, म्हणजे लग्न, मुलांचे जन्म, वडिलांचे निधन, गावाकडचा दुष्काळ, ठाण्यात खोली घेतली ते वर्ष. "मोठीच्या बारशाला मी नव्हतो" हे माणसाला पक्के आठवते. ते कोणत्या साली, हे आपण काढायचे.

फक्त "युद्ध" शोधत बसणे ही मोठी चूक आहे. डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे पाकिस्तान सीमेवरील सैन्याच्या मोठ्या जमवाजमवीत, युद्ध झाले नाही, पण सुरुंग पेरताना आणि काढताना माणसे गेली आणि जायबंदी झाली. सियाचीन, ईशान्य भारत, पंजाब, काश्मीर येथील सेवेला घरी "लढाई" म्हणत नाहीत, म्हणून त्याबद्दल कोणी विचारतही नाही. मनावर खोल ओरखडा उठलेला असतो, तो बहुतेकदा अशाच एखाद्या बिननावाच्या रात्री.

*तपासणी :* काळपट्टीवर किमान पाच-सहा नेमणुका जागा आणि वर्षासह भरल्या गेल्या आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नये, पुन्हा ट्रंकेकडे वळावे.

टप्पा ४ : वेळ, जागा, यंत्र

बैठक सकाळी, नाश्त्यानंतर ठेवावी. संध्याकाळी उकरलेली आठवण थेट रात्रीच्या झोपेत उतरते. पाऊण तास पुरे. माणूस रंगात आला तरी तासाभराच्या पुढे जाऊ नये. दिवाळीचे दिवस पूर्णपणे टाळावेत. शेजारच्या इमारतीचे पायलिंग चालू असेल तर त्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. तो धप्-धप् आवाज रेकॉर्डिंग बिघडवतो हे खरे, पण तोफखान्याचा मारा झेललेल्या माणसाच्या कानाला तो काय वाटतो, याचा विचार आधी करावा.

सांगणाऱ्याला दरवाजा दिसेल अशा खुर्चीत बसू द्यावे. त्याच्या पाठीमागून कोणी ये-जा करणार नाही, हे पाहावे. पुष्कळ फौजी निवृत्तीनंतर चाळीस वर्षांनीही हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतात. ती लकब सोडवण्याचा प्रयत्न आपण करू नये.

फोनवरचे ध्वनिमुद्रण चांगले होते. एअरप्लेन मोड लावावा, फोन दुमडलेल्या टॉवेलवर, तोंडापासून दीड फुटावर ठेवावा, पंखा बंद किंवा अगदी हळू करावा आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, कारण कुकरची शिट्टी नेमकी नको त्या वाक्यावर होते. कॅमेरा पहिल्या दोन बैठकांत आणूच नये. त्याच्यासमोर माणूस ताठ बसतो आणि भाषण करतो.

*तपासणी :* दोन मिनिटे इकडचे-तिकडचे बोलून रेकॉर्ड करावे आणि हेडफोन लावून ऐकावे. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे मोठ्याने नोंदवावीत.

टप्पा ५ : पहिली बैठक युद्धाविना

पहिल्या दिवशी गाव, शाळा, भरतीचा मेळावा, छातीचे माप, प्रशिक्षण केंद्रातला पहिला महिना, उस्तादाच्या शिव्या, पहिला पगार आणि घरी पाठवलेली पहिली मनीऑर्डर एवढेच विषय घ्यावेत. यातून माणसाला आपल्याशी बोलण्याची सवय होते आणि आपल्याला त्याच्या शब्दांची. लंगर, फॉल-इन, मोर्चा, पिठ्ठू, राशन, सीओ साब हे शब्द तेव्हाच समजून घ्यावेत, म्हणजे नंतर एखाद्या अवघड जागी "पिठ्ठू म्हणजे काय?" असे विचारून धागा तोडावा लागत नाही.

बैठक संपल्यावर लगेच उठू नये. चहा घ्यावा, क्रिकेटवर किंवा गुडघेदुखीवर बोलावे. दुसऱ्या दिवशी फोन करून "झोप लागली का?" एवढे विचारावे. झोप लागली नसेल तर पुढची बैठक लांबवावी.

टप्पा ६ : युद्धाकडे जाणारे प्रश्न

"किती जणांना मारलं?" आणि "भीती वाटली का?" हे दोन प्रश्न वहीतून खोडून टाकावेत. पहिल्याचे उत्तर देणे माणसाला अपमानास्पद वाटते, आणि दुसऱ्याचे उत्तर "छे!" असेच येते. "का" ने सुरू होणारे प्रश्नही टाळावेत, "तुम्ही मागे का फिरलात?" यात आरोप ऐकू येतो.

विचारायचे ते अंगाला, हाताला, वस्तूला धरून. त्या दिवशी खायला काय होते, बूट कोरडे होते का, शेजारी कोण होते, कोणता आवाज आधी आला. ऐरोलीतील एका घरी निवृत्त नायक लढाईविषयी दोन बैठका काहीच बोलले नव्हते. तिसऱ्या वेळी खाण्याविषयी विचारल्यावर ते शक्करपाऱ्यांबद्दल सांगू लागले, ते खिशात कसे ठेवायचे, थंडीत दगडासारखे कसे होतात, आणि मग म्हणाले, "त्याच्या खिशातले मी काढून घेतले. त्याला आता लागणार नव्हते." एवढे बोलून त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नातीने काही विचारले नाही, तेच योग्य केले. मिनिटभराने ते स्वतःच पुढे बोलू लागले.

शांतता भरून काढण्याची घाई, हा या टप्प्यातील सर्वांत मोठा दोष आहे. मनात वीस आकडे मोजावेत. मध्येच तारीख दुरुस्त करू नये, "पण मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं" असे म्हणू नये, आणि "तुम्ही खरे हिरो" असेही म्हणू नये. कौतुक झाले की माणसाला कौतुकाजोगेच बोलावे लागते, आणि जो प्रसंग त्याला आजही खातो तो पुन्हा ट्रंकेत जातो.

युद्धानंतरच्या वर्षांबद्दल मुद्दाम विचारावे, कारण ते कोणीच विचारत नाही. आघातानंतरच्या या त्रासाला मनोविकारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली. १९६२, १९६५ आणि १९७१ मधून परतलेल्यांना आपल्याला काय होते आहे हे सांगायला शब्दच नव्हते. म्हणून "तुम्हाला ट्रॉमा झाला होता का?" याला काही अर्थ नाही. सुट्टीवर घरी आल्यावर झोप कशी लागायची, फटाक्यांचे काय व्हायचे, गर्दीच्या लोकलमध्ये कसे वाटायचे, कोणत्या गोष्टीवरून एकदम राग यायचा, हे विचारावे.

थांबण्याच्या खुणा

श्वास जलद होणे, घाम येणे, नजर एका जागी खिळणे, हात थरथरणे, किंवा बोलता बोलता भूतकाळ सोडून "तो येतोय, मी खाली झालोय" असे वर्तमानकाळात जाणे. शेवटची खूण चटकन लक्षात येत नाही, उलट "किती जिवंत वर्णन" असे वाटते. इथे प्रश्न थांबवावेत. अचानक अंगाला हात लावू नये. शांत आवाजात नाव किंवा नाते घेऊन "अप्पा, आपण नेरूळला घरी आहोत, सकाळचे दहा वाजलेत" असे सांगावे, पाय जमिनीला टेकवायला सांगावे, पाणी द्यावे, खिडकी उघडावी. त्या दिवशी त्या विषयावर परत येऊ नये.

नंतर काही दिवस झोप उडाली, चिडचिड वाढली, दारू वाढली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले, तर ध्वनिमुद्रण बंद करून डॉक्टरांकडे जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि माजी सैनिकांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या वृद्धाच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काम हातीच घेऊ नये. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले त्या आजारात आवरत नाही.

टप्पा ७ : घरातील इतरांच्या आठवणी

जवान हयात नसेल तर हाच टप्पा मुख्य ठरतो. हयात असेल तरी तो वगळू नये. पत्नी, मुले, भाऊ यांच्याशी वेगवेगळे बसावे. एकत्र बसवले की सर्वांत मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते. पत्नीला डिसेंबर १९७१ मधील ब्लॅकआउट, काचांवर चिकटवलेले काळे कागद, पत्र न आलेले आठवडे आणि पोस्टमन दिसला की पोटात येणारा गोळा यांबद्दल विचारावे. बहुतेक घरांत आजीला हे प्रथमच कोणीतरी विचारत असते.

मुले वडिलांच्या रागाबद्दल, दारूबद्दल, मध्यरात्रीच्या ओरडण्याबद्दल बोलतील. ते जसे सांगतील तसे लिहावे. "म्हणजे बाबांना अमुक आजार होता" असे निदान आपण करू नये. नोंद करताना प्रत्येक गोष्टीपुढे "पाहिलेले" किंवा "ऐकलेले" असे लिहावे. ही साधी खूण पुढे फार उपयोगी पडते.

टप्पा ८ : शब्दांकन

जसे बोलले तसे उतरवावे. "आम्ही पोझिशन घेतली, मग साब बोले आगे बढो" याचे "आम्ही मोर्चेबांधणी केली आणि अधिकाऱ्यांनी आगेकूच करण्याचा आदेश दिला" असे करू नये. थांबणे, हसणे, रडणे कंसात नोंदवावे. संगणकाने आपोआप उतरवलेला मजकूर कामाला येतो, पण फौजी हिंदी, गावाकडची मराठी आणि ठिकाणांची नावे त्यात हमखास बिघडतात, म्हणून ध्वनिमुद्रण ऐकत ओळ न् ओळ तपासावी. मग तो मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि जे काढायला सांगितले जाईल ते वाद न घालता काढावे.

टप्पा ९ : पडताळणी, पण त्यांच्या समोर नव्हे

तारखा, तुकड्या, ठिकाणे आपण स्वतंत्रपणे तपासावीत आणि फरक आढळल्यास तळटीप द्यावी. मूळ वाक्य बदलू नये. १९६५ आणि १९७१ च्या आठवणी एकमेकींत मिसळणे अगदी नेहमीचे आहे, ते खोटे बोलणे नव्हे. शहीद सोबत्यांची नावे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तेथे स्वातंत्र्योत्तर काळातील २५,००० हून अधिक नावे आहेत. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत किंवा आफ्रिकेत मृत्यू पावले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पाहावे. नावाची स्पेलिंगे इंग्रजांनी वाटेल तशी केलेली असल्याने पाच-सहा प्रकारे शोधावे लागते.

टप्पा १० : कोणाला द्यावे, कुठे ठेवावे

सोबत्याच्या मृत्यूचे वर्णन असलेला भाग वेगळा काढावा. त्या सोबत्याच्या घरी "जागीच गेला, त्रास झाला नाही" असे कळवलेले असू शकते, आणि खरे काय घडले ते आपल्या आजोबांनी पन्नास वर्षे कोणाला सांगितलेले नसते. ते एखाद्या अनोळखी मुलाने पाठवलेल्या क्लिपमधून त्या कुटुंबापर्यंत पोहोचणे मला तरी अक्षम्य वाटते. सांगणाऱ्याची परवानगी असली तरी असे भाग नावासह बाहेर देऊ नयेत.

मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नये. दर्जा घसरतो आणि ती कुठे कुठे जाते यावर आपला ताबा राहत नाही. तीन प्रती कराव्यात : एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक पेन ड्राइव्हमध्ये गावाकडच्या घरी. शब्दांकनाची छापील प्रतही ठेवावी, कारण पेन ड्राइव्ह बंद पडतो आणि पासवर्ड विसरला जातो. फाइलच्या नावात तारीख, नाव आणि बैठकीचा क्रमांक असावा. परवानगीच्या कागदाची प्रत प्रत्येक संचासोबत जोडावी, आणि त्यावर शेवटी एक ओळ भरून घ्यावी : सांगणाऱ्याच्या पश्चात हे कोणाला ऐकवायचे याचा निर्णय घरातील कोणी घ्यायचा. ती व्यक्ती त्यांनी स्वतः निवडावी, आणि तिला हे त्यांच्या हयातीतच सांगितलेले असावे.